आधी पहिली ओळ उचला

मुजावरकाका फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत. आपण फोन घेतला की पलीकडून थेट फारसी कवितेची एक ओळ यायची आणि मग सामसूम. ती ओळ आपण जशीच्या तशी परत म्हणेपर्यंत पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा मी गाडी चालवत होते, ओळ नीट कळली नाही, म्हणून विचारलं, काका, काय म्हणालात? उत्तर नाही. मी एका दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा म्हणा अशी विनंती केली. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, मी ती उचलली, आणि मग त्यांनी दुसरी ओळ अशी सोडली की मी स्टिअरिंगवर हात आपटून ‘वा’ म्हणाले. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. मी मुळात कुणाला वा म्हणणारी बाई नाही. पण काकांच्या ओळीनंतरच्या त्या थांबण्यात माझ्या छातीत जे धडधडायचं, ते दुसऱ्या कशानंही कधी धडधडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर या उचलण्याबद्दलच लिहावं लागेल.

शेराच्या दोन ओळी असतात, त्यातल्या एकेका ओळीला मिसरा म्हणतात. मुशायऱ्यात कवी पहिला मिसरा म्हणतो, ऐकणारे तो परत म्हणतात, आणि मग कवी दुसरा उलगडतो. याला मिसरा उचलणं म्हणतात. इतरांसाठी ती मैफलीची रीत. काकांसाठी तो कायदा होता, आणि तो त्यांच्या आजोबांनी घालून दिलेला होता. मिरजेजवळच्या एका गावातल्या दर्ग्याची देखभाल त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, म्हणून तर आडनाव मुजावर. घरात बोली मराठी, आणि आजोबांकडून शिकलेली फारसी. आजोबांनी सांगितलं होतं की ज्या शेराचा मिसरा कुणी उचलला नाही, तो कागदावर उतरवायचा नाही. तोवर तो शेर तुझ्या ‘मी’ला चिकटलेला असतो. दुसऱ्याच्या तोंडातून ओळ गेली की ती तुझी राहिली नाही, मग खुशाल लिही.

ही अट पाळत काका अमेरिकेत आले, पाण्याचे इंजिनिअर झाले, आणि शॉमबर्ग या आमच्या गावाच्या आसपासच्या नव्या वसाहतींमध्ये पावसाचं जादा पाणी धरून ठेवणारी तळी आखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आपल्याला ती तळी म्हणजे बदकांची आणि सकाळी फिरायला जाण्याची जागा वाटते. काका प्रत्येक तळ्याला नावानं हाक मारत असावेत असं त्यांच्याकडे पाहायचे. त्यांच्या कवितेतही पाणीच जास्त. एका शेरात ते तळ्याला विचारतात, तुझ्यातलं कुठलं पाणी कुठल्या ढगाचं? तळं म्हणतं, मी वेगवेगळं होते तेव्हा विचारायचं होतंस.

जुबेदाकाकू होत्या तोवर उचलणारं माणूस घरातच होतं. त्या भाकरी थापता थापता, पाठ न वळवता मिसरा उचलायच्या, आणि आवडला नाही तर उचलायच्याच नाहीत. काका म्हणायचे, माझ्या निम्म्या चुका तव्यावरच जळाल्या. काकू गेल्या आणि शेर साचायला लागले. ते रोज नवे करत होते, सगळे तोंडपाठ होते, पण एकही कागदावर येत नव्हता.

त्याच काळात ते आमच्या गावच्या वाचनालयात आले. मी तिथं पुस्तकांची नोंदणी करायचे आणि अधूनमधून काउंटरवर बसायचे. त्यांना एक जुना फारसी कोश दुसऱ्या विद्यापीठातून मागवून हवा होता. इंग्रजीतून रीतसर चौकशी केली, मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि एकदम म्हणाले, “काय ताई, कुठल्या म्हणायच्या तुम्ही?” मी साताऱ्याची, म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की कोशाचं राहूनच गेलं. तो मीच नंतर मागवला. आला तेव्हा ते न्यायला आले, तिथंच उभ्यानं उघडला, एक शब्द काढला, आणि मला म्हणाले, एक ओळ म्हणतो, नुसती परत म्हणा. मी म्हटलं, मला फारसी येत नाही. ते म्हणाले, मग आधी येऊ द्या.

हे त्यांचं दुसरं कलम, आजोबांच्या कायद्यात त्यांनी स्वतः घातलेलं. उचलणाऱ्याला अर्थ कळला पाहिजे. न कळता म्हणणं हे पोपटाचं काम. त्यामुळे मला पहिला मिसरा उचलायला मिळण्याआधी कित्येक शनिवार त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसावं लागलं. तिश्ना म्हणजे तहानलेला. पण साधा तहानलेला नव्हे, असं म्हणून एका शनिवारी त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढून काढून घेतला. त्या दिवशी दुपारभर मला पाणी मिळालं नाही. संध्याकाळी त्यांनी ओळ म्हटली, “आब अज खुद खबर न दारद हेच.” पाण्याला स्वतःची काहीच खबर नसते. मी कोरड्या घशानं ती उचलली. मग ते टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “तिश्ना दानद चे दाश्त ईं दरिया.” या नदीत काय होतं, ते तहानलेल्याला ठाऊक. आणि ग्लास माझ्या हातात दिला. मी त्याआधी आयुष्यात पाणी प्यायलेच नव्हते असं मला वाटलं. काकांनी लगेच पेन शोधायला सुरुवात केली, कारण आता शेर लिहायला मोकळा झाला होता. पेन त्यांच्या कानावरच होतं.

देशी दुकानांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे दिवस गेला असं समजावं. एकदा आम्ही एका वाणसामानाच्या दुकानात खजूर घेत होतो. शेजारी एक वयस्कर इराणी गृहस्थ खजुराचे डबे उलटेसुलटे करून पाहत फोनवर बोलत होते. त्यांचा फोन संपेपर्यंत काका त्यांच्याकडे असे बघत राहिले जसं कुणी बसस्टॉपवर बस बघतं. मग पुढे होऊन नमस्कार केला आणि तीच पाण्याची ओळ म्हटली. गृहस्थांना हसू आलं. शेवटचा शब्द आम्ही ‘हीच’ असा म्हणतो, ते इंग्रजीत म्हणाले, ‘हेच’ असं आमच्या पणजोबांच्या वेळी म्हणत असतील. मला काकांसाठी वाईट वाटलं. पण काका फुलून आले होते. तुमचं दार तिकडून आहे, माझं इकडून, खोली एकच, असं काहीतरी त्यांनी त्यांना फारसीत सांगितलं. गृहस्थांनी डबा खाली ठेवला आणि आपल्या पद्धतीनं, ‘हीच’ म्हणत, ओळ उचलली. काकांनी दुसरी म्हटली. गृहस्थ म्हणाले, आणखी. ते दोघं खजुरांच्या त्या मांडणीपुढे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. लोक त्यांच्या मधून हात घालून डबे घेत होते. बाहेर आलो तर मीटरची वेळ उलटून गाडीवर दंडाची चिठ्ठी लागलेली. काकांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, “ताई, आज मी श्रीमंत झालो हो.”

त्यांचं सूफीपण असं बाजारात दिसायचं. घरात ते शांतपणे नमाज पढायचे, त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. कुणी अध्यात्म वगैरे मोठे शब्द काढले की ते चहा करायला उठायचे. एकदा मी फना म्हणजे काय असं विचारलं. पुस्तकात वाचलं होतं, स्वतःचं मिटून जाणं. त्यांनी उत्तर म्हणून एक शेर म्हटला, तो मराठीत असा काहीसा होईल: आरसा पुसण्यात जन्म गेला, शेवटी कळलं, धूळ होती म्हणून मी दिसत होतो. मग म्हणाले, याच्यापुढे मला विचारू नका, मी अजून पुसतोच आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला. तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कर्करोग होता. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं सर्जननी सांगितलं. ऑपरेशनला काही आठवडे होते. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मला फोन केला, नेहमीसारखी ओळ म्हणायला. मी उचलली, दुसरी ओळ झाली, आणि मग त्यांनी सांगितलं. हिशेब त्यांच्या डोक्यात आधीच झाला होता. काकू गेल्यापासून साचलेले शेर पुष्कळ होते. आवाज गेला की पहिली ओळ म्हणता येणार नाही. पहिली ओळ म्हटली नाही तर कुणी उचलणार नाही, आणि उचलला नाही तो शेर लिहायचा नाही. म्हणजे ते सगळे शेर स्वरयंत्राबरोबर जाणार होते.

देशमुखकाका हे त्यांचे सगळ्यांत जुने मित्र. नागपूरचे, निवृत्त किडनीचे डॉक्टर, काकांना ‘काय बे यूसुफ’ म्हणू शकणारे एकटेच. त्यांनी सरळ उपाय सांगितला, रेकॉर्ड करून टाकू यार, आयफोन कशाला दिलाय देवानं. मुजावरकाका म्हणाले, यंत्र ऐकून घेतं, म्हणत काही नाही. मग देशमुखकाकांनी दुसरा उपाय काढला. आपलं भजनी मंडळ आहे, दर रविवारी दुपारी माझ्या बेसमेंटमध्ये जमतं, वीस तोंडं आहेत, तू ओळ म्हण, आम्ही उचलतो. अर्थ समजावून दे थोडा थोडा.

तो रविवार शॉमबर्गमध्ये कुणी विसरणार नाही. काकांनी प्रत्येक शब्द समजावला, लोकांनी शाळेतल्यासारखा वहीत उतरवून घेतला, त्यात दोन हृदयरोगतज्ज्ञही होते. मग काकांनी घोगऱ्या आवाजात पहिला मिसरा म्हटला आणि थांबले. मंडळानं तो उचलला. उचलला म्हणजे असा की पेटीवाल्यानं लगेच सूर दिला, टाळ वाजले, आणि ओळ एकदा म्हणून कुणी थांबेना. भजनात ध्रुपद एकदा म्हणून थांबतात का? दुसऱ्यांदा म्हटली, तिसऱ्यांदा द्रुत लयीत, मग बायकांच्या बाजूनं एकदा आणि पुरुषांच्या बाजूनं एकदा. काका दुसरी ओळ म्हणायला तोंड उघडायचे आणि पुन्हा टाळ. ते हात वर करून थांबा म्हणत होते, तर लोकांना वाटलं ते भावावेशात आहेत, आणि आवाज आणखी चढला. शेवटी देशमुखकाकांनी पेटीचा भाताच दाबून धरला. सगळं थांबलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आम्ही घाबरलो, पण ते हसत होते. इतके हसत होते की त्यांना दुसरी ओळ म्हणता येईना. मग म्हणाले, एवढ्या जोरात तर आमच्या उरुसालाही कुणी उचललं नव्हतं.

पुढच्या आठवड्यांत मंडळ थांबायला शिकलं. रोज कुणीतरी काकांच्या घरी असायचं. मंडळातल्या एक दातांच्या डॉक्टर आपल्या दोन पेशंटांच्या मधल्या वेळात येऊन उचलून जायच्या. कुणी ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली, कुणी डबा घेऊन यायचं आणि मिसरा घेऊन जायचं. काका दमत होते, आवाज रोज पातळ होत होता, पण त्या घरात पाऊल टाकलं की लग्नघरात आल्यासारखं वाटायचं. शेर एकामागून एक कागदावर येत होते. तरीही शिल्लक बरेच होते, आणि एका माणसानं अजून एकही उचलला नव्हता.

ती त्यांची मुलगी समीना. ती व्हर्जिनियात ॲशबर्नला डेटा सेंटरमध्ये काम करते, मोठमोठ्या यंत्रांना थंड ठेवणाऱ्या पाण्याची व्यवस्था तिच्याकडे. लहानपणापासून बापाच्या ओळीला तिचं उत्तर ठरलेलं, “अब्बा, आय डोन्ट गेट इट.” काकांनी तिला कधी भरीस घातलं नाही. पण ती गावात यायची असली की ते तळ्याकाठी नेहमीपेक्षा लांब फिरून यायचे, हे मी पाहिलेलं होतं.

ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आली. त्या दिवशी दुपारी मंडळातली माणसं पाळीपाळीनं येणार होती, जेवढे शिल्लक तेवढे शेर उरकायचे असं ठरलं होतं. काकांनी समीनाला समोर बसवलं आणि पाण्याची तीच जुनी ओळ म्हटली. ती तर माझ्यामुळे कधीच लिहून झाली होती. मी त्यांना आठवण करून दिली की वेळ थोडा आहे, नवी घ्या. त्यांनी मला हातानं गप्प केलं. समीना म्हणाली, मला कळल्याशिवाय मी म्हणणार नाही, तो तुमचाच रूल आहे ना? काकांनी मला देशमुखकाकांना फोन लावायला सांगितलं: आज कुणी येऊ नका.

मी चहा करता करता घड्याळाकडे बघत होते. एकेका शब्दाला ते पंधरा मिनिटं देत होते, तेही कुजबुजल्यासारख्या आवाजात, आणि शिल्लक शेर तिथंच त्यांच्या डोक्यात बसून होते. शेवटी अर्थ लागला. समीनानं ओळ उचलली नाही. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “पण हे चूक आहे, अब्बा. माझ्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक पाइपवर सेन्सर आहे. पाण्याला स्वतःचं सगळं माहीत असतं. टेम्परेचर, प्रेशर, फ्लो, एव्हरीथिंग.”

 काका खुर्ची मागे सरकवून उभे राहिले आणि खोलीत येरझारा घालायला लागले, ओठ हलत होते, बोटं मात्रा मोजत होती. मी त्यांना शेर करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खिडकीपाशी जाऊन परत आले आणि फारसीत नवी ओळ म्हणाले. पाण्याला स्वतःची खबर लागली असेल तर. समीनाला प्रत्येक शब्द ओळखीचा होता, आत्ताच शिकलेला. तिनं ती लगेच उचलली, बापाच्या चालीत, बापासारखी मान तिरकी करून. काका पुढची ओळ म्हणाले. तर आता पाणीही तहानलं असणार.

“ओह,” समीना म्हणाली. मग कागद पुढे ओढत म्हणाली, “अब्बा, आता मला कळलं.”

तिनंच तो शेर लिहिला, रोमन लिपीत, काकांनी सांगितलं तसा. मग तिनं विचारलं, तुम्ही पहिल्यांदा कुणाचा मिसरा उचललात? आजोबांचा, ते म्हणाले. दर्ग्याच्या हौदापाशी. मी एवढासा होतो. तेव्हा अर्थ कळला होता का, तिनं विचारलं.  काका हळू म्हणाले, अर्थ कुठला, मला रेवडी हवी होती. आणि तरी त्यांनी तो लिहिला? लिहिला.  “म्हणजे आजोबांपेक्षा मीच कडक झालो म्हणायचा,” काका म्हणाले. त्यांना त्याची मजा वाटत होती. मी म्हटलं, मग लावू का पुन्हा फोन, बोलावू का सगळ्यांना? त्यांनी मान हलवली. राहू दे ताई, आज घर भरलंय.

शिल्लक शेर त्यांनी तसेच ठेवले. ऑपरेशननंतर ते वर्षभर होते, आवाजाशिवाय. लोकांनी उचललेले शेर त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून काढले, बाकीच्यांबद्दल विचारलं की आभाळाकडे बोट दाखवायचे आणि मग तळ्याकडे, म्हणजे होते तिथं गेले. त्या वर्षातले त्यांचे चेहरे मला पुष्कळ आठवतात. पण मी ज्यांना मुजावरकाका म्हणत होते त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑपरेशनच्या सकाळी.

हॉस्पिटलात त्यांना तयार करायला एक तरुण नर्स होती, गोरी, उंच, कामात अगदी नेमकी. पेशंट जे सांगेल ते ती परत म्हणून खात्री करून घ्यायची. काकांनी नाव सांगितलं, तिनं ते परत म्हटलं. जन्मतारीख सांगितली, तीही परत म्हटली. कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही, कवळी नाही, सकाळपासून पाणी घेतलेलं नाही, सगळं एकेक करून तिच्या तोंडून परत आलं. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळायला लागलं. ती चादर आणायला वळली तेव्हा त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, “ताई, ही उचलते हो.”

मग पलंग ढकलत नेला. समीना आणि मी दारापर्यंत गेलो, पुढे जायची परवानगी नव्हती. दारापाशी नर्सनं सवयीनं विचारलं, आणखी काही सांगायचंय का, मिस्टर मुजावर? काकांनी डोकं उशीवरून थोडं उचललं आणि फारसीत एक ओळ म्हटली. आम्ही दोघींनी ती कधीच ऐकलेली नव्हती. नर्स वाकली, पुन्हा म्हणा म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हटली. आणि तिनं ती परत म्हटली, अडखळत, शब्द तुटके, शेवटाला प्रश्न विचारल्यासारखा सूर, पण सगळी, पहिल्यापासून शेवटापर्यंत.

काकांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. खजुराच्या दुकानातून बाहेर पडतानासुद्धा ते इतके खूश नव्हते. मग ते नर्सकडे वळले आणि दुसरी ओळ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. दार तोवर मिटत आलं होतं. फटीतून मला फक्त नर्स दिसली. ती चालायची थांबली होती, आणि त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होती.